मोटारसायकलची रेस, पेट्रोलचे माप आणि आपला ऊस



गळीत हंगामात ऊस कारखान्याकडे येतो तो ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाडीने. पण उसाचा मालक येतो तो मोटारसायकलवर. ताडकळसचा सभासद असो, चुडाव्याचा असो की एरंडेश्वरचा, दुधाची कॅन, खताची पिशवी, मोटारीचे जळालेले वायंडिंग आणि वेळप्रसंगी नांदेडच्या दवाखान्यात न्यायचा पेशंट, हे सगळे ओझे आज मोटारसायकलच वाहते. पूर्वी दारात बैलजोडी कशी आहे यावरून घर ओळखत. आता गाडी कशी आहे ते पाहतात. तेव्हा या लोखंडी बैलाच्या वेसणीविषयी, म्हणजेच रेसविषयी, या अंकात चार गोष्टी सांगाव्यात असे आम्ही ठरविले.

याला निमित्तही तसेच आहे. गॅरेजसमोर घटकाभर उभे राहिले की दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. पहिले तरण्या पोरांचे : "मामा, मोठा जेट टाका, गाडी पळली पाहिजे." दुसरे त्यांच्या वडिलांचे : "ते इथेनॉल आल्यापासून गाडी बसली बघा." पहिल्या वाक्यापायी चांगले इंजिन खराब होते. दुसऱ्या वाक्यात थोडे खरे आहे आणि बरेच ऐकीव आहे. ज्या इथेनॉलला आपण नावे ठेवतो ते उसापासून होते आणि ऊस आपण लावतो. म्हणून या दोन्ही वाक्यांचा खरेखोटेपणा आपल्यालाच ठाऊक असायला हवा.

रेस म्हणजे हवेचे दार

पुष्कळांची समजूत अशी की मूठ पिळली म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त जाते. प्रत्यक्षात मुठीची तार ओढते ते हवेचे दार. कार्बोरेटरच्या नळीत एक गोल सरकता पिस्टन असतो. तो वर उचलला की हवेला वाट मोकळी होते. अरुंद गळ्यातून हवा जोरात वाहू लागली की तिथला दाब कमी होतो आणि त्या ओढीने खालच्या वाटीतले पेट्रोल बारीक छिद्रातून वर येऊन फवाऱ्यासारखे उडते. हवा पुढे आणि पेट्रोल तिच्या मागे, असा हा क्रम आहे.

हे समजायला आपल्या कारखान्याचा बॉयलर पाहावा. भट्टीत नुसते बगॅस लोटून वाफ वाढत नाही. त्या मानाने हवा द्यावी लागते. हवा कमी पडली की चिमणीतून काळा धूर निघतो आणि बगॅस न जळता वाया जाते. हवा फाजील झाली की भट्टी थंड पडते. इंजिनाचेही असेच आहे. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. या मापाच्या थोडे अलीकडे-पलीकडे इंजिन चालते. फार सरकले की तक्रार करते.

फवारणी पंपाचे तीन नोझल

कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचे माप एकाच ठिकाणी ठरत नाही. कपाशीवर एक नोझल, तुरीवर दुसरा, असे आपण फवारणी पंपाला बदलतो, तसेच रेसच्या निरनिराळ्या टप्प्यांवर निरनिराळे भाग काम करतात.

मूठ अगदी थोडी उघडलेली असताना, म्हणजे साधारण आठव्या हिश्शापर्यंत, छोटा पायलट जेट आणि त्याचा हवा स्क्रू काम करतो. तिथून पाव रेसपर्यंत सरकत्या पिस्टनच्या तळाचा कापलेला उतार माप ठरवितो. पाव ते पाऊण रेसमध्ये पिस्टनला लटकलेली निमुळती सुई पेट्रोल मोजते. सुई वर उठेल तसे छिद्र मोकळे होते. पाऊण ते पूर्ण रेसमध्ये मात्र मेन जेटचे राज्य.

आता मोठा जेट मागणाऱ्या पोराने एक हिशेब करावा. आपल्या पाणंद रस्त्याने, मागे कॅन बांधून, दिवसभरात पूर्ण रेस किती वेळ उघडते? आपले बहुतेक चालणे पाव ते अर्ध्या रेसमध्ये होते. तिथे सुईचा कारभार आहे. म्हणजे दुखणे गुडघ्याला आणि मलम खांद्याला, असे हे मोठ्या जेटचे काम होते.

गावोगाव होणारे बदल

गाडीची ताकद वाढविण्याच्या नावाखाली साधारण चार प्रकार चालतात.

पहिला प्रकार फिल्टर काढण्याचा. फिल्टर काढल्यावर गाडीचा आवाज खुलतो आणि दोन दिवस हलकी वाटते. पण हवा वाढली, पेट्रोल तेवढेच राहिले, म्हणजे मिश्रण पातळ झाले. पातळ मिश्रणाने इंजिन तापते. त्यात आपली काळी माती. ऊसतोडीच्या दिवसांत टायरखाली तिचे पीठ होते. ते थेट सिलिंडरमध्ये गेल्यावर रिंगा आणि सिलिंडर घासले जातात, आणि घासकागदाने घासल्यासारखी गत होऊन गाडी तेल जाळू लागते.

दुसरा प्रकार मोठा कार्बोरेटर बसविण्याचा. शंभर सीसीच्या गाडीला दीडशे सीसीचा कार्बोरेटर लावला की गळा रुंद होतो. रुंद गळ्यात कमी वेगाला हवा संथ वाहते, पेट्रोल ओढले जात नाही, आणि गाडी उचल घेताना गुदमरते. वरच्या वेगाला थोडा फायदा दिसला तरी चिखलातून दोन पोती घेऊन निघताना तोटाच पदरी पडतो. रुंद पाटात कमी पाणी सोडले तर ते शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही, हे आपल्याला सांगायला नको.

तिसरा प्रकार झटपट मुठीचा. मुठीतली तार गुंडाळणारी चकती मोठी बसविली की थोड्या पिळण्यात पूर्ण रेस उघडते. यात ताकद काडीचीही वाढत नाही. दार तेच, फक्त लवकर उघडते. शर्यतीच्या मैदानावर त्याचा उपयोग असेल, खड्ड्यांच्या रस्त्यावर मात्र हाताला धक्का बसला की गाडी उसळी घेते. शिवाय तार नीट वळवून न बसविल्यास हँडल फिरविताना ताणली जाते आणि रेस आपोआप वाढते. तुटके पदर असलेली तार नळीत अडकली तर मूठ सोडूनही रेस खाली येत नाही. यात जीव जाऊ शकतो, म्हणून हे आम्ही ठासून सांगतो.

चौथा प्रकार सायलेन्सरची आतली जाळी काढण्याचा. धूर मोकळा होतो, मिश्रण पुन्हा पातळ पडते, आणि आवाजाने आजारी माणसे, लेकरे आणि गोठ्यातली जनावरे हैराण होतात.

या चारही प्रकारांत चूक एकच आहे. दार मोठे केले आणि मापाकडे पाहिले नाही.

आकुर्डीच्या कारखान्याने काय केले

मग रेसच्या यंत्रणेत बदल करून इंजिन सुधारताच येत नाही काय? येते. त्याचा चांगला दाखला आपल्या महाराष्ट्रातच, पुण्याजवळ आकुर्डीला, बजाज ऑटोच्या अभियंत्यांनी घालून दिला.

पेट्रोल-हवेच्या मिश्रणाला ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या थोडी आधी द्यावी लागते. किती आधी, हे इंजिनाच्या फेऱ्यांवर जसे अवलंबून असते तसेच रेस किती उघडली आहे त्यावरही असते. अर्धी रेस असताना सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरते आणि सावकाश जळते, म्हणून ठिणगी लवकर हवी. पूर्ण रेसला मिश्रण ठासून भरते आणि भराभर जळते, म्हणून ठिणगी जरा उशिरा चालते. साध्या गाडीत ठिणगी देणाऱ्या सीडीआय युनिटला फक्त फेऱ्या समजत. मुठीचा पत्ता त्याला नसे.

बजाजने ट्रिक्स नावाची जी रचना आणली तिच्यात रेसच्या उघडण्याबरोबर एक छोटे चुंबक सरकते आणि त्याच्या प्रभावाने एक बारीक रीड स्विच चालू-बंद होतो. त्यावरून युनिटला कळते की चालक सावकाश चालला आहे की गाडी ताणतो आहे, आणि त्याप्रमाणे ते ठिणगीची वेळ बदलते. २००३ साली पल्सरच्या १५० आणि १८० सीसीच्या गाड्यांत एका सिलिंडरला दोन स्पार्कप्लग देणारी डीटीएस-आय रचना आली. दोन ठिकाणी ठिणगी पडल्याने मिश्रण लवकर आणि नीट जळते, हे तिच्यामागचे गणित. त्या वर्षीच्या पल्सरची ताकदही वाढली आणि अॅव्हरेजही सुधारले.

यातून घेण्यासारखा धडा असा की शिकलेल्या लोकांनी नुसते दार रुंद करून भागविले नाही. दार किती उघडले याची खबर ठिणगीला दिली. एकमेकांना खबर असली की काम सुरळीत होते, हे सहकारात वाढलेल्या माणसांना वेगळे सांगायला नको.

आपला ऊस पेट्रोलच्या टाकीत

आता वडीलधाऱ्यांच्या तक्रारीकडे वळू. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याची चाचणी २००१ साली देशात तीन ठिकाणी झाली. त्यांपैकी मिरज आणि मनमाड ही दोन ठिकाणे महाराष्ट्रातलीच होती. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. २०२२ साली देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाचे ई-२० पेट्रोल विक्रीला आले, आणि २०३० साठी ठरविलेले २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०२५ सालीच गाठले गेले.

एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळते. म्हणजे १० लिटरची टाकी ई-२० ने भरली तर तिच्यातले २ लिटर इथेनॉल हे रसाच्या हिशेबाने सुमारे २८-२९ किलो उसाचे झाले. हे इथेनॉल मळीपासून होते तसेच मका आणि तांदळापासूनही होते, हे खरे. तरी आपल्या घामाचा वाटा त्यात आहेच.

आता माप पाहू. इथेनॉलमध्ये मुळातच प्राणवायू असतो. त्यामुळे ते जळायला १ भागास सुमारे ९ भाग हवा पुरते. २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५ भाग हवा लागते. निव्वळ पेट्रोलवर बसविलेला जुना कार्बोरेटर मात्र १४.७ च्याच हिशेबाने हवा देत राहतो. परिणामी मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ पडते. सकाळी गाडी लवकर चालू न होणे, उचल घेताना अडखळणे, रेस सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट होणे, ही पातळ मिश्रणाची लक्षणे. जिच्या मिश्रणात आधीच पेट्रोल थोडे जास्त होते ती गाडी उलट सुधारल्यासारखी वाटते. म्हणूनच एकाच गावात एक म्हणतो गाडी बसली आणि दुसरा म्हणतो काही फरक नाही.

अॅव्हरेजचेही खरे सांगितले पाहिजे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात निव्वळ पेट्रोलसाठी बनवून १० टक्के मिश्रणाला जुळविलेल्या दुचाकींचे अॅव्हरेज ई-२० वर ३ ते ४ टक्के घटेल असे म्हटले आहे. हा तोटा खरा आहे आणि तो गाडीवाल्याच्या खिशातून जातो, हे लपवून उपयोग नाही. पण ६० देणारी गाडी या हिशेबाने ५८ च्या आसपास येईल. ती ४५ वर आली असेल तर एकट्या इथेनॉलला दोष देऊ नये. फिल्टर, प्लग, क्लच, ब्रेक यांपैकी काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

परभणी जिल्ह्याला तर हे अधिक झोंबणारे. आपल्याकडे पेट्रोल लांबून मनमाडच्या डेपोतून येत असल्याने २०१८ आणि २०२१ साली सर्वांत महाग पेट्रोलच्या बातम्यांत परभणीचे नाव वरचेवर झळकले. समजा, एका सभासदाची गाडी महिन्याला ९०० किलोमीटर चालते. ६० चे अॅव्हरेज असेल तर १५ लिटर लागेल. चुकीच्या जेटमुळे ते ५० वर आले तर १८ लिटर लागेल. वर्षाला ३६ लिटर पेट्रोल निव्वळ काळ्या धुरात गेले. या पैशांत खताच्या काही पिशव्या सहज आल्या असत्या.

इंजेक्शनच्या गाड्या

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून जुन्या धाटणीचा कार्बोरेटर गेला. त्याजागी थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर आले. मूठ अजूनही हवेचेच दार उघडते, पण दार किती उघडले हे एक सेन्सर सांगतो, धुरात प्राणवायू किती उरला हे दुसरा सांगतो, आणि त्यावरून छोटा संगणक पेट्रोलचे माप क्षणाक्षणाला दुरुस्त करतो. चाकणला तयार होणाऱ्या केटीएमच्या ३९० ड्यूकमध्ये तर २०१७ पासून मुठीपासून इंजिनापर्यंत तारच नाही. मुठीचा हुकूम विजेच्या संकेताने जातो.

अशा गाडीत थ्रॉटल बॉडीचे सीलबंद स्क्रू फिरवू नयेत. सेन्सरच्या वायरीत जोड देऊन पेट्रोल वाढविणारे डबे बाजारात मिळतात, त्यांच्या नादी लागू नये. संगणकाला खोटी खबर दिली की तो चुकीचा निर्णय घेणारच. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांत ई-२० ला टिकणारे रबर आणि धातू वापरले जातात, त्यामुळे त्या गाड्यांना वेगळे काही करावे लागत नाही.

ब्राझील हा आपल्यासारखाच उसाचा देश. तिथे १९७५ साली इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि २००९ साली होंडाने पेट्रोल व इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालणारी मोटारसायकल तिथे विक्रीस आणली. मिश्रण बदलेल तसे माप आपोआप बदलते, म्हणून ते जमले. आपल्याकडेही टीव्हीएसने २०१९ साली इथेनॉलवर चालणारी अपाचे दाखविली. पुढचा रस्ता हाच आहे.

कार्बोरेटरच्या गाडीवाल्यांनी काय करावे

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी घाबरू नये. पुढील कामे जाणत्या मिस्त्रीकडून क्रमाने करून घ्यावीत.

१. आधी फिल्टर साफ करा किंवा बदला. हंगामात धुळीच्या रस्त्याने जाणाऱ्यांनी तो पुस्तिकेत दिलेल्या मुदतीआधीच पाहावा.

२. रेसची तार तपासा. पदर तुटले असतील तर दुरुस्तीच्या भरीस न पडता तार बदला. मुठीला साधारण दोन-तीन मिलिमीटर ढील असावी, नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. गाडी चालू ठेवून हँडल डावी-उजवीकडे पूर्ण फिरवा. रेस वाढता कामा नये. मूठ सोडताच ती झटकन परत आली पाहिजे.

३. पूर्वी कोणी मोठा जेट टाकला असेल तर कंपनीच्या मापाचा परत बसवा. जेटचे छिद्र तारेने किंवा सुईने उकरू नका. हवेच्या झोताने साफ करा.

४. प्लग पहा. गाडी पाच-सहा किलोमीटर चालवून प्लग काढावा. टोक फिकट तपकिरी असेल तर माप बरोबर. काजळीने काळे असेल तर पेट्रोल जास्त. पांढरेफटक असेल तर मिश्रण पातळ. बॉयलरवाला चिमणी पाहतो, तसा गाडीवाल्याने प्लग पाहावा.

५. प्लग पांढरा असेल आणि गाडी मधल्या रेसला अडखळत असेल, तर सुईची क्लिप एक खाच खाली घ्यावी. त्याने सुई एक पायरी वर उठते आणि पेट्रोल किंचित वाढते. एकावेळी एकच खाच. नंतर पुन्हा प्लग पाहावा. ज्या गाडीत सुईला एकच खाच असते तिथे हा उपाय नाही.

६. हवा स्क्रू फिरविण्याआधी तो कोणत्या बाजूला आहे ते पाहा. फिल्टरच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्याने मिश्रण पातळ होते. इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्याने पेट्रोल वाढते. हे न पाहता फिरविणारे पुष्कळ आहेत.

७. जुन्या पेट्रोल नळ्या आणि रबरी वॉशर इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात. गळती दिसताच बदला. पेट्रोलची गळती म्हणजे आगीला आमंत्रण.

८. इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट रिकामी ठेवू नका आणि कार्बोरेटरची वाटी खालच्या स्क्रूने रिकामी करून ठेवा.

राजदूत, येझदी अशा टू-स्ट्रोक गाड्या अजून जपणाऱ्या हौशी सभासदांनी अधिक जपावे. त्यांचे तेल पेट्रोलबरोबरच जाते. मिश्रण पातळ झाले की पिस्टन जाम होण्याचा धोका फोर-स्ट्रोकपेक्षा जास्त.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. वर सांगितलेली तपासणी आणि कंपनीच्याच भागांची जुळवाजुळव ही देखभाल झाली. इंजिन बदलणे, सायलेन्सर फोडणे हा मात्र बदल झाला. अपघात झाल्यावर विम्याच्या दाव्यातही असे बदल आडवे येऊ शकतात, हे तरुणांनी ध्यानात ठेवावे.

तात्पर्य इतकेच की रेस हे हवेचे दार आहे. दार मोठे करून ताकद येत नाही, हवेच्या मानाने इंधनाचे माप जुळल्यावर येते. आता इंधनच बदलले आहे आणि ते बदलण्यात आपल्या उसाचा वाटा आहे. तेव्हा ज्या सभासदाने दोन वर्षांत कार्बोरेटर उघडून पाहिला नसेल त्याने उसाची तोड येण्याआधी तो एकदा साफ करून, प्लग आणि तार तपासून घ्यावी. घरातल्या तरण्या पोराला हा अंक वाचायला द्यावा, आणि मोठ्या जेटचे पैसे त्याला नव्या फिल्टरवर आणि चांगल्या हेल्मेटवर खर्च करायला सांगावे.